झुलू गिटार, जॅझ आणि 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'

'फ्यूजन' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. राग वगैरे काही नाही, अनुभव. एक तबला, एक बेस गिटार, मागे निळा धूर. पाच मिनिटं दोघं आपापलं वाजवतात, शेवटी तिहाईवर एकत्र येतात आणि एकमेकांकडे बघून प्रेमाने हसतात. टाळ्या. पनीर टिक्का पिझ्झासारखं असतं हे. खायला वाईट नाही, पण खाऊन झाल्यावर ना इटली आठवत ना पंजाब.

त्यामुळे आज ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्या बाबतीत हा शब्द वापरणार नाहीये. हा दक्षिण आफ्रिकेतला जॅझ गिटारिस्ट, झुलू घरातला. नाव सिबुसिले खाबा. आता 'खाबा' हे मी आपलं सोयीसाठी लिहितोय. आडनावाचं पहिलं अक्षर रोमन लिपीत एक्स आहे आणि त्याचा उच्चार आपल्या वर्णमालेत नाहीच. टांगेवाला घोड्याला हाकताना जीभ गालाच्या बाजूला आपटून जो 'टक्' करतो ना, तो आवाज काढायचा आणि लगेच 'आबा' म्हणायचं. मी सात महिने प्रयत्न केला. टीममधला एक झुलू मुलगा मला शिकवायचा आणि दरवेळी मनापासून हसायचा. मराठी लोकांनी हसू नये, त्याने 'ळ' पहिल्या दिवशी म्हणून दाखवला होता :)

सात महिने म्हणजे २०१८ मधली ऑनसाईट असाइनमेंट, जोहान्सबर्ग. रोज सकाळी त्याच्याच गाडीतून ऑफिस. ट्रॅफिक पुण्याइतकाच, त्यामुळे गाणी भरपूर व्हायची. त्याच्या फोनमध्ये गॉस्पेल, हाऊस म्युझिक, आणि त्याच्या वडिलांसाठी ठेवलेलं मस्कंदी. एका सोमवारी मीच आदल्या रात्री सापडलेला एक अल्बम लावला. 'ओपन लेटर टू अडोनाया'. दोन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "म्फेथू, छान आहे. पण माझे बाबा याला मस्कंदी म्हणणार नाहीत." (म्फेथू म्हणजे आपलं 'भावा'. आणि हो, झुलूमध्येसुद्धा वडिलांना बाबाच म्हणतात.)

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. वाजवणारा झुलू, भाषा झुलू, मग हे मस्कंदी का नाही? आणि मुळात मस्कंदी म्हणजे काय? मग पुढचे बरेच वीकएंड त्यातच गेले. जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात गिटारपासून करून चालत नाही. गिटार झुलू लोकांकडे गोऱ्यांबरोबर आलं. त्याआधी होतं धनुष्य. शब्दशः धनुष्य: वाकवलेली काठी, एक तार, आणि आवाज घुमण्यासाठी बांधलेला पोकळ भोपळा. (आपल्या तंबोऱ्याचा भोपळा आठवा.) मोठ्या धनुष्याला म्हणतात उगुभु. ही एक अख्खी तार काडीने हलकेच मारून वाजवायची. मोकळी तार हा एक स्वर, आणि बोटांनी चिमटीत धरली की त्याच्या जेमतेम अर्धा स्वर वरचा दुसरा. संपलं. दोनच स्वर. पण भोपळ्याचं तोंड अंगाजवळ आणायचं, लांब न्यायचं, की त्या दोन स्वरांच्या पोटातले बारीक बारीक वरचे स्वर एकेक करून बाहेर येतात. वाजवणारी व्यक्ती खाली ठेका आणि वर हे धूसर सूर असं एकाच वेळी ऐकवते, आणि त्यावर स्वतः गाते. दुसरं धनुष्य उमाखवेयाना. त्यात तार मध्ये बांधून तिचे दोन भाग करतात, म्हणजे मोकळे स्वरच दोन मिळतात.

ही वाद्यं मुख्यतः बायकांची. त्यातलं सगळ्यात मोठं नाव राजकन्या मागोगो. झुलू राजा दिनुझुलूची मुलगी, राजकारणी मांगोसुथू बुथेलेझींची आई. जन्म १९००, मृत्यू १९८४. उगुभु वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते तेव्हा या बाईंनी ते वाजवत ठेवलं, संशोधकांना ध्वनिमुद्रणं करू दिली. २००२ साली डर्बनला त्यांच्या आयुष्यावर झुलू भाषेतला ऑपेरा झाला. या मुद्रणांमधलं एखादं जरूर ऐका. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, गाणं सुरू कधी झालं आणि संपणार कधी? कारण ते चक्रासारखं फिरतं. धनुष्याचं चक्र एका ठिकाणी सुरू होतं, गळ्याचं दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींचे सांधे कधी जुळत नाहीत. जुळू द्यायचेच नसतात. दोन थ्रेड चालू आहेत, एकमेकांसाठी थांबत नाहीत, तरी डेडलॉक नाही. (सॉरी, राहवलं नाही.)

आता या दोन स्वरांच्या जगात गिटार येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून झुलू पुरुष घर सोडून डर्बनच्या गोदीत, जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींमध्ये जाऊ लागले. खुशीने नाही. गोऱ्या सरकारने झोपडीवर रोख कर लावला होता, आणि रोख पैसा शहरातच मिळायचा. पुरुष वर्षातले बरेच महिने खाणीच्या हॉस्टेलमध्ये, बायका-मुलं गावाकडे. पहिल्या पगारातून जे विकत घ्यायचं त्यात स्वस्तातलं गिटार असायचं. चालायला लांब रस्ते होते, तर चालता चालता वाजवायचं. या वादकांना मस्कंदी म्हणू लागले, आफ्रिकान्स भाषेतल्या 'वादक' या अर्थाच्या शब्दावरून. आणि त्यांच्या संगीताला मस्कंदा. रोजच्या बोलण्यात दोन्ही मिसळतात, मी पण मिसळणार आहे.

त्या स्वस्त गिटारचा एक किस्सा सांगून पुढे जातो. दक्षिण आफ्रिकेतली गॅलो कंपनी 'गॅलोटोन' नावाची गिटार बनवायची. ती इंग्लंडलाही जायची. आत लेबल असायचं, तडा जाणार नाही याची हमी. लिव्हरपूलमधल्या एका पोराकडे यातलंच 'गॅलोटोन चॅम्पियन' होतं आणि ६ जुलै १९५७ ला एका चर्चच्या जत्रेत ते वाजवत असताना त्याची दुसऱ्या एका पोराशी ओळख झाली. पहिला जॉन लेनन, दुसरा पॉल मॅकार्टनी. १९९९ साली ते गिटार लिलावात दीड लाख पौंडांच्या वर गेलं. त्याच कारखान्यातली बाकीची गिटारं खाणीच्या रस्त्यावर उन्हातान्हात झिजली, त्यांचा लिलाव कोण करणार.

असो. तर गंमत अशी की झुलू वादकांनी गिटारवर गोऱ्यांसारखी कॉर्ड धरून खरडायची पद्धत सोडून दिली. म्हणजे तीही होती, तिला 'उकुवांबा' म्हणतात. पण खरं मानाचं ते 'उकुपिका'. अंगठ्याने खालच्या जाड तारांवर एक चाल, बोटांनी वरच्या तारांवर दुसरी. खाली ठेका, वर सूर. ओळखीचं वाटतंय ना? धनुष्यच ते. जुने सूर गिटारवर नीट बसावेत म्हणून वादक सगळ्यात पातळ तार एक स्वर खाली उतरवतात. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय दिलं जातं जॉन भेंगू या वादकाला, ज्याला सगळे 'फुझुशुकेला' म्हणत. म्हणजे 'साखर पिणारा'. (काय नाव आहे! आपल्याकडे असता तर कोल्हापूरचा असता.) १९८५ मध्ये तो गेला, पण आजही मस्कंदी वादक त्याच्या नावाने कानाला हात लावतात.

मस्कंदी गाण्याची बांधणी ठरलेली असते. सुरुवातीला 'इसिहलाबो', तालाशिवायची स्वरांची एक झपाट्याची लड. गिटार कसं लावलंय, कुठल्या सुरांत जाणार आहोत, ते सांगून टाकायचं. मग गाणं. आणि गाण्याच्या मध्येच, गिटार चालू ठेवून, वादक गायचा थांबतो आणि प्रचंड वेगाने बोलायला लागतो. याला म्हणतात 'इझिबोंगो'. मूळ अर्थ स्तुती. राजदरबारात राजाची करायचे, इथे वादक स्वतःची करतो. मी अमक्याचा मुलगा, अमक्या कुळातला, आमचा सरदार अमुक, आमच्या गावची नदी तमुक, त्या डोंगराच्या पायथ्याशी माझं घर, अमक्या वर्षी मला असं असं झालं. श्वास न घेता. आपल्याकडे पोवाड्याच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव गुंफतो, त्याचा हा थोरला भाऊ. आणि त्याचं कारण उघड आहे. खाणीत त्या माणसाला नंबर होता. हॉस्टेलमध्ये पलंगाला नंबर होता. गिटार हातात घेतलं की तीस सेकंद तो कोण आहे हे तो सांगू शकत होता.

मग जॅझ कुठून आलं? जॅझ शहराचं. रेकॉर्ड आणि सिनेमातून अमेरिकेहून आलेलं, जोहान्सबर्गच्या सोफियाटाउनसारख्या वस्त्यांमध्ये रुजलेलं. १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारी धोरण झालं. १९५५ पासून सोफियाटाउन रिकामं करून पाडायला घेतलं. सरकारचं म्हणणं असं की काळा माणूस शहरात पाहुणा आहे, त्याचं खरं घर त्याच्या जमातीच्या मुलखात. १९६० च्या दशकात सरकारी रेडिओने 'रेडिओ बंटू' पसरवला: झुलूंना झुलू, सोथोंना सोथो, प्रत्येक भाषेचा वेगळा कप्पा. 'शुद्ध' पारंपरिक संगीताला तिथे जागा. शहरातल्या सगळ्या जमातींनी मिळून वाजवलेल्या, अमेरिकेकडे बघणाऱ्या संगीताचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

म्हणजे परिस्थितीचा पेच लक्षात घ्या. आपल्याकडे 'मुळांकडे चला' म्हणणं हे वसाहतीच्या विरुद्ध बंड असतं. तिथे 'मुळांकडे चला' असं खुद्द वर्णद्वेषी सरकारच सांगत होतं! त्यामुळे एखाद्या काळ्या गिटारिस्टने सूट घालून बीबॉप वाजवणं हीच सरकारला दिलेली चपराक होती. मी तुमच्या कप्प्यात बसणार नाही.

ॲलन क्वेला हा या पिढीचा माणूस. जन्म १९३९, डर्बनची चेस्टरव्हिल वस्ती. जोहान्सबर्गला आला तेव्हा 'क्वेला' नावाच्या पत्र्याच्या बासरीवरच्या उडत्या संगीताची लाट होती (आडनाव आणि लाट एकच, हा योगायोग). त्यातला मोठा बासरीवाला स्पोक्स माशियाने, त्याच्यासाठी ॲलनने चाली बांधल्या, साथ केली. पैसा त्यातच होता. पण त्याला जॅझ हवं होतं, आणि त्याने ते धरलं. १९७० च्या दशकात 'ब्लॅक ब्यूटी' हा सुंदर अल्बम केला. त्यात देशातले मातब्बर जॅझवाले आहेत. नंतर मोठ्या खंडाने १९९८ मध्ये 'द ब्रोकन स्ट्रिंग्ज ऑफ ॲलन क्वेला'. २००३ साली तो गेला. त्याच्या वाजवण्यात डर्बन ऐकू येतं, नाही असं नाही. पण त्याने ते दाखवायला काढलं नाही. सूट उतरवला नाही, असं म्हणूया.

त्याच काळात दुसऱ्या एकाने उलटा रस्ता धरला. फिलिप तबाने, प्रिटोरियाच्या मामेलोडी वस्तीतला. हा झुलू नव्हे. त्याची आई पारंपरिक वैदू, अंगात येण्याच्या विधींतली. १९६४ मध्ये सोवेटोच्या ऑर्लँडो स्टेडियमवर जॅझ फेस्टिव्हल होता. मोठमोठे बँड, सॅक्सोफोन, कडक इस्त्री. तिथे तबाने फक्त तिघांना घेऊन उभा राहिला: स्वतःचं गिटार, एक बासरी, आणि ज्युलियन बहुला यांनी वाजवलेले मलोंबो ढोल. मलोंबो म्हणजे व्हेंडा भाषेत पूर्वजांचे आत्मे, आणि त्यांना बोलावून आजार बरा करायचा विधीसुद्धा. देव्हाऱ्यातलं वाद्य जॅझच्या स्टेजवर. आणि त्यांनी तिथे बक्षीस मिळवलं! सरकारला हवं तसं 'जमातीचं शुद्ध' ते नव्हतं, कारण त्यात तीन-चार जमाती आणि जॅझ एकत्र होतं. अमेरिकेचं जॅझही नव्हतं. तबानेने आयुष्यभर त्याला मलोंबोच म्हटलं.

तिसरा माणूस मडाला कुनेने. हा पक्का झुलू, गिटारचा राजा म्हणून ओळखला जाणारा. जन्म १९५१, डर्बनची कॅटो मॅनर वस्ती. लहानपणी तेलाच्या डब्याला मासे पकडायची तंगूस ताणून केलेलं गिटार. आता, दक्षिण आफ्रिकेतले भारतीय म्हटलं की आपल्याला १८९३ मधलं पीटरमारिट्झबर्ग स्टेशन आठवतं आणि तिथेच आपण थांबतो. कॅटो मॅनरची गोष्ट थोडी अवघड आहे. तिथली बरीचशी जमीन भारतीयांच्या मालकीची, झोपड्या झुलू भाडेकरूंच्या. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनला झुलू आणि भारतीयांत दंगल पेटली, सरकारी आकड्याप्रमाणे १४२ माणसं मेली. त्यानंतर सरकारने वर्णाप्रमाणे वस्त्या वेगळ्या करायचा कायदा आणला आणि कॅटो मॅनर उठवलं, झुलूही गेले आणि भारतीयही. झुलूंना पाठवलं शहराबाहेर, क्वामाशूसारख्या नव्या वसाहतींत. कुनेनेच्या गिटारमध्ये ते उठवलं जाणं मला ऐकू येतं असं म्हणायचा मोह होतो, पण तसं ऐकू येत नाही. ऐकू येतो तो प्रचंड निवांतपणा. त्याचा १९९६ चा 'कोंको मॅन' ऐका. एकच चाल इतक्या वेळा येते की तुम्ही तिची वाट बघणं सोडता, आणि मग ती खरी ऐकू यायला लागते.

आता खाबाकडे या. क्वाझुलू-नतालच्या उत्तरेचं न्यूकॅसल, कोळसा आणि पोलादाचं गाव. तिथून हा प्रिटोरियाला, श्वाने युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत, रीतसर जॅझ शिकायला. जॅझचं शिक्षण म्हणजे काय हे मला थोडंफार माहीत आहे, मी पुण्यात पाच वर्षं शनिवार-रविवारी गिटारच्या क्लासला गेलोय. स्केल्स, मोड्स, अमेरिकन उस्तादांचे सोलो टिपून काढणं, बाराही पट्ट्यांत घोटणं. इंजिनिअरिंगला शोभेल असा सिलॅबस. त्यातून बाहेर पडणारा मुलगा उत्तम वाजवतो, आणि उत्तम अमेरिकन बोलतो.

खाबाने ते शिकून घेतलं आणि मग गुरू शोधले. डर्बनकडचा मडाला कुनेने आणि प्रिटोरियाचा फिलिप तबाने. एक घरचा, एक परका. २०१७ मध्ये त्याचे दोन अल्बम एकदमच आले. पहिल्याचं नाव 'अनलर्निंग'. यात डबल बेस, ड्रम्स असा जॅझचा नेहमीचा संच आहे. ज्याने डिग्री घेतली त्याने पहिल्या अल्बमला असं नाव द्यावं यातच सगळं आलं. दुसरा, 'ओपन लेटर टू अडोनाया', यात बेसच नाही. गिटार, गळा आणि दोघांची आफ्रिकन तालवाद्यं. त्या दोघांपैकी एक थबांग तबाने, फिलिप तबानेंचा मुलगा. म्हणजे गुरूचं घराणंच शेजारी ढोल घेऊन बसलंय.

ऐकताना काय होतं सांगतो. अंगठा खाली फिरत राहतो, ते मस्कंदी. वरची बोटं मात्र ठरलेल्या चालीत राहत नाहीत. अचानक असा एखादा स्वर लागतो जो फक्त जॅझ शिकलेल्या कानालाच सुचेल, पण तो मिरवत नाही, पुढच्या फेरीत विरून जातो. गळा कधी शब्द म्हणतो, कधी पुटपुटतो, कधी पक्ष्यासारखा चिरकतो, आणि गिटारपेक्षा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो, वेगळ्या ठिकाणी संपतो. उगुभु! सांधे जुळत नाहीत. तीन-चार वेळा ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की यात झुलू आणि जॅझ यांच्यामधली शिवण मला सापडत नाहीये. फ्यूजनमध्ये शिवण दिसते, तिहाईच्या ठिकाणी दिसतेच. इथे जॅझ म्हणजे कॉर्ड्स किंवा सोलो नाही. जॅझने त्याला दिलेली गोष्ट म्हणजे परवानगी. ठरलेल्या चालीतून या क्षणी बाहेर पडायची, शेजारचा ढोलवाला काय म्हणतोय ते ऐकून उत्तर द्यायची परवानगी. आणि मस्कंदीने दिलं ते परत यायला घर.

आता त्या सोमवारच्या वाक्याकडे. मी माझ्या त्या मित्राशी नंतर यावर चांगला वाद घातला. मी म्हटलं, "अंगठा बघ, तार बघ, भाषा बघ, सगळं मस्कंदीच तर आहे." तो म्हणाला, "तारेने होत नाही रे. माझे बाबा अठ्ठावीस वर्षं खाणीत होते. मस्कंदी म्हणजे त्यांच्यासाठी एकच, मध्येच वाजवणारा माणूस बोलायला लागतो आणि सांगतो तो कुठला, कोणाचा. ते ऐकून हॉस्टेलमध्ये कोणीतरी ओरडतो, अरे हा तर आमच्या नदीपलीकडचा! ते झालं की मस्कंदी. नाही झालं तर नुसतं गिटार." मग थोडं थांबून म्हणाला, "हा तुझा माणूस पूर्वजांशी बोलतो, ते ठीक आहे. पण माझ्या बाबांशी बोलतो का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. खाबाचे रेकॉर्ड लंडन-पॅरिसच्या दुकानांतही मिळतात आणि पुण्यातला मी ते हेडफोनवर ऐकतो. ज्या रस्त्यावर ते संगीत जन्मलं त्या रस्त्यावरचा म्हातारा ते ऐकतो का, हा प्रश्न खोटा नाही. पण दुसरी बाजूही आहे. खाणीत नंबर असलेल्या माणसाला आपलं कूळ ओरडून सांगायची गरज होती. कॉलेजात शिकलेल्या, स्वतःच्याच गळ्यात परका उच्चार सापडलेल्या माणसाची गरज वेगळी आहे. त्याला आधी ते शोधावं लागतं. नदीचं नाव ओरडायच्या आधी नदी कुठली हे आठवावं लागतं. 'अनलर्निंग' मला त्या अर्थाने इझिबोंगोच वाटतो, फक्त चालू असलेला, पुरा न झालेला. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार विचार करतोस. तुझं सांग ना. तुझे इझिबोंगो काय?"

आणि इथे माझी पंचाईत झाली. करून बघा तुम्हीही. तीस सेकंद, श्वास न घेता. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आपल्याला झोपेत येतं: अमुक वर्षं एक्स्पिरियन्स, जावा, स्प्रिंग, ओरॅकल, टीम साइज आठ, दोन प्रोजेक्ट ऑनटाइम. मी तेच सुरू केलं आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मग म्हटलं थांब. कऱ्हेच्या काठचं गाव. आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्यांमधल्या मला दोन पूर्ण येतात, तिसरी अर्धी. पाच वर्षं गिटार शिकलो, त्या अडीच ओव्या गिटारवर कधी वाजवून पाहिल्या नाहीत. एवढं बोलेपर्यंत सिग्नल सुटला. तो म्हणाला, "हां, आता कुणीतरी ओरडेल, नदीपलीकडचा कोणीतरी."

त्यानंतर मी ती तिसरी ओवी पूर्ण करायच्या मागे लागलो. गावाकडे एका मावशींना आठवत होती, त्यांनी फोनवर म्हणून दाखवली, मी रेकॉर्ड केली. गिटारवर ती बसत नाही. अंगठा खाली ठेका धरतो आणि ओवी भलत्याच ठिकाणी सुरू होते, भलत्याच ठिकाणी संपते. पूर्वी मी ते 'दुरुस्त' केलं असतं, ओवीला चार मात्रांत कोंबलं असतं आणि खाली दोन छान कॉर्ड टाकल्या असत्या. पनीर पिझ्झा. आता तसं करवत नाही. जात्याचा फेरा वेगळा, गळ्याचा वेगळा, हे मागोगोबाईंमुळे कळलंय. म्हणून अजून नुसतं ऐकतोय.

आणखी एक गोष्ट. फिलिप तबाने मे २०१८ मध्ये गेले, मी जोहान्सबर्गला असतानाच. खाबाचे ते दोन अल्बम २०१७ चे. म्हणजे मुलाने गुरूच्या मुलाला घेऊन रेकॉर्ड केलं आणि वर्षभरात गुरू गेले. थोडक्यात, वेळेत झालं. २०२५ मध्ये खाबा आणि मडाला कुनेने या दोघांचा मिळून 'क्वान्टू' हा अल्बम आला. कुनेने तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. दोन गिटार, दोन पिढ्या, आणि कोण कोणाला साथ करतंय हे बराच वेळ कळत नाही. आपण नेहमी म्हणतो की कला मरत नाही. कला मरत नसेल, पण ती ज्यांच्या बोटांत आहे ती माणसं वारतात, आणि त्यांच्याकडे जायचं राहून गेलं की राहून गेलं. त्यात आपण सगळे इतके बिझी.

ऐकायचं असेल तर क्रम सांगतो. आधी राजकन्या मागोगो, एकच गाणं, पण दिवे बंद करून. मग फुझुशुकेला, मूड एकदम बदलेल. मग तबाने. मग कुनेनेचा 'कोंको मॅन'. आणि मग 'ओपन लेटर टू अडोनाया'. एका रविवारी होतं सगळं, मध्ये जेवण आणि वामकुक्षी धरून.

माझ्या मित्राला 'क्वान्टू'ची लिंक पाठवली होती. तो आता परत गावाकडे राहतो, रिमोट काम करतो. त्याने वडिलांना ऐकवला. वडिलांनी अख्खा ऐकला म्हणे. काय म्हणाले विचारलं, तर उत्तर आलं: "कुनेने वाजवत होता तेव्हा मान हलवत होते. दुसरा वाजवायला लागला तेव्हा विचारलं, हा कुठला पोरगा?"

हा कुठला पोरगा! मस्कंदीत याच प्रश्नाचं तर उत्तर द्यायचं असतं.